वर बसलेली माणसं

"गाडी कुठली हे नंतर विचार. आधी विचार, गाडीत कोण कोण आहे. आणि माणसं खाली उतरवल्याशिवाय गाडी ट्रकवर घ्यायची नाही, हे ड्रायव्हरला दर वेळी सांग. दर वेळी."

माझ्याआधी टोइंगचा फोन सांभाळणाऱ्या ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. "ताई, मी काय बसची तिकिटं फाडायला बसलेय का?" असं म्हणालेही. त्या हसल्या नाहीत. वही दिली, चार्जर दिला, माझ्या मुलीच्या गालाला बोट लावलं आणि चपला घालून गेल्या.

बंद पडलेल्या गाड्या उचलून गॅरेजला पोचवण्याचा धंदा माझ्या दिरांचा. दोन ट्रक, सपाट पाठीचे. पाठ मागून कलून जमिनीला टेकते, तारेच्या दोरानं गाडी वर ओढून घ्यायची, चारही चाकं पट्ट्यांनी आवळायची आणि निघायचं. फोन मात्र घरी, माझ्याकडे. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या, आवाज गोड, घरी बसल्या बसल्या होईल," असं भाऊजी म्हणाले होते. घरी बसल्या बसल्या म्हणजे काय, ते जिच्या कडेवर अकरा महिन्यांचं मूल आहे तिला विचारावं. एका हातात भरवायची वाटी, दुसऱ्या हातात पेन, फोन खांद्यानं कानाला दाबलेला, आणि मुलगी वहीचं पान ओढतेय.

पहिल्या आठवड्यातच दोन वाक्यं माझ्या तोंडात बसली. "दहा मिनिटांत पोचतोय" आणि "तुम्ही गाडीतच बसून राहा." पहिलं खोटं होतं हे सांगायला नको. दुसऱ्याचं कारण भाऊजींनी समजावलं होतं: माणूस गाडीतून उतरला की इकडेतिकडे बघतो, दुसरा नंबर लावतो, आपला ट्रक पोचतो तेव्हा गाडी गायब. बसलेला माणूस बसून राहतो. पुढे तो इतका बसून राहायचा की गाडी ट्रकवर चढली तरी आतच. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर दोर, डबे, जुना टायर आणि त्याचं अंथरूण. तिथं कुणाला बसवणार? मग "बसा वरच, काही होत नाही." लोकही खूश. एकदा एका गिऱ्हाइकानं फोटो पाठवला होता, ट्रकवरच्या गाडीतून त्याची दोन पोरं हात हलवताहेत. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हसरा चेहरा.

पट्ट्यांचंही तसंच. चार चाकांना चार हे नियमात. पण जवळचा फेरा असेल तर पुढच्या दोन चाकांना बांधायचं, मागची तशीच. "बारशाला काय घोडा आणायचा?" असं भाऊजी म्हणायचे.

त्या दिवशी दुपारचे साडेबारा. एक ट्रक दोन दिवसांपासून ब्रेकच्या कामाला उभा होता, त्यामुळे सगळे फेरे दुसऱ्यावर, म्हणजे मौनीकाकांवर. पन्नाशी उलटलेला माणूस. मौनी हे नाव त्यांना ठेवलं, कारण बोलायला लागले की थांबायचेच नाहीत. मी "कुठवर आलात?" विचारावं आणि त्यांनी रस्त्यावरचा खड्डा, गुडघा, जावयाची नोकरी, सगळं ऐकवून मग सांगावं की अजून निघालोच नाही. वहीत त्यांचे फेरे माझ्याच अक्षरात होते. आदल्या सकाळी सातपासून अकरा फेरे, मधला सगळ्यात मोठा खंड पावणेदोन तासांचा. मी हे लिहिलं होतं. बेरीज केली नव्हती.

फोन आला. बाईचा आवाज, मागे बाळाचं रडणं. बाहेरच्या वळणरस्त्यावर गाडी बंद पडलेली, किल्ली फिरवली तर टक इतकाही आवाज नाही.

"दहा मिनिटांत पोचतोय," मी म्हणाले. "गाडीतच बसून राहा."

पन्नास मिनिटं लागली. ट्रक पोचला, गाडी चढली, निघाले. मी मुलीला झोळीत टाकून पाणी प्यायला उठले तर पुन्हा तीच बाई.

"अहो, आम्ही वरच बसलोय. मी आणि बाळ. चालतं ना?"

"हो, हो. सगळे बसतात."

"नाही, म्हणजे खूप उकडतंय. काचा खाली होत नाहीत, सगळं बंदच आहे ना. मी दार थोडंसं उघडून धरलंय."

"दार लावा आधी. बाळ कुठंय?"

"मांडीवर. आणि खालून सारखा आवाज येतोय. ठक, ठक. वळण आलं की गाडी हलल्यासारखी वाटते. असं असतं का?"

मला माहीत नव्हतं, असं असतं का. मी कधी वर बसले नव्हते. मी तिला फोन चालू ठेवायला सांगितलं आणि माझ्या स्वतःच्या फोनवरून काकांना लावला. सहाव्या घंटेला उचलला.

"काका, कुठवर आलात?"

"हं."

"काका?"

"हं."

"मागची चाकं बांधलीत का?"

बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. मग, "बांधली असतील."

ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. रडतंय, आपटतंय, भांडी फेकतंय तोवर ठीक. गप्प झालं की हातातलं टाकून उठायचं. मौनीकाका गप्प होते. हा माणूस डोळे उघडे ठेवून झोपत होता, आणि पुढे गावात उतरणारा लांब उतार होता.

भाऊजींना फोन केला.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. चार किलोमीटर राहिलेत. उतार संपला की गॅरेज."

"भाऊजी, बाळ आहे वर."

"मग हळू चालवायला सांगतो ना."

"ते बोलत नाहीयेत."

"तो? तो बोलत नाहीये?" भाऊजी हसले. "देव पावला म्हणा."

मी फोन ठेवला. पलीकडच्या फोनवर ती बाई बाळाला काहीतरी म्हणत होती, गाणं नव्हे, नुसतं "आलं, आलं, घर आलं." तिच्या गाडीचा हॉर्न वाजत नव्हता. काचेवर हात आपटला तरी ट्रकच्या इंजिनापुढे कोण ऐकणार? आणि काकांना मी "थांबा" म्हटलं असतं तर "हं" म्हणाले असते आणि तसेच पुढे गेले असते. झोपेतला माणूस थांबा ऐकत नाही.

पण एका गोष्टीसाठी काका थांबतातच. नवा फेरा असला की. मेसेजवर पाठवलेला पत्ता त्यांना वाचता येत नाही, चष्मा लागतो, चष्मा सापडत नाही. म्हणून ते गाडी बाजूला घेतात, शर्टाच्या खिशातलं पेन काढतात आणि पत्ता डाव्या तळहातावर लिहितात. संध्याकाळपर्यंत तो हात शाळेच्या पाटीसारखा झालेला असतो. इतक्या वर्षांची सवय, हातपाय आपोआप करतात.

मी पुन्हा फोन लावला आणि माझा तो गोड आवाज काढला. "काका, नवा फेरा आहे. पत्ता लिहून घ्या."

"हं." मग इंडिकेटरची टिकटिक. मग इंजिन मंद झालं. हँडब्रेक ओढल्याचा करकर आवाज.

"सांगा."

आता पत्ता कुणाचा सांगायचा? वीस पत्ते वहीत समोर होते, एकही दिसेना. तोंडाला आला तो सांगितला. घर नंबर, गल्ली, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. काका लिहीत होते, मध्येच थांबले.

"वहिनी, हा तर तुमचाच पत्ता."

"हो."

"तुमची गाडी कुठंय? तुमच्याकडं गाडीच नाही."

"नाही. काका, खाली उतरा आणि मागची चाकं बघा. फोन चालू राहू दे."

दार उघडलं. पावलं. दुसऱ्या फोनवरून बाईचा आवाज, "ड्रायव्हर आलेत मागे." काकांनी एकेक चाक बघून मला सांगितलं.

मागची दोन्ही चाकं मोकळी होती. पुढच्या एका पट्ट्याच्या कडीचा खटका सुटून पट्ट्याचं टोक लोंबत होतं. ठक, ठक ते करत होतं. गाडी एका पट्ट्यावर आणि वर ओढायच्या दोरावर उभी होती, आणि उतार पुढे होता.

"वहिनी," काका म्हणाले, "मी बांधली होती. मला चांगलं आठवतंय. वाकलो होतो, कंबर धरली होती, डाव्या बाजूला चिखल होता." मग थोड्या वेळानं, "ती कालची गाडी असेल."

त्यांनी बाईला आणि बाळाला खाली उतरवलं, रस्त्याच्या कठड्यापलीकडे सावलीत बसवलं आणि बाटलीतलं पाणी दिलं. बाळ लालबुंद झालं होतं, पण पाणी प्यालं. हे मला बाईनं सांगितलं. तिचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. जाण्याआधी ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्हीच म्हणालात, सगळे बसतात."

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी भाऊजी आले. चिडले नव्हते. तेच जास्त थकवणारं होतं.

"वहिनी, झालं का काही? नाही ना?"

"झालं नाही म्हणजे काय, भाऊजी? मागची चाकं—"

"बांधू ना. उद्यापासून चारही. झालं समाधान?" मग सासूबाईंकडे वळून, "आई, वहिनींची फार ओढाताण होते गं. फोन मी माझ्याकडे घेतो."

"बरं होईल," सासूबाई म्हणाल्या. "पोरीकडं लक्ष तरी राहील."

रात्री पांघरूण ओढताना नवरा म्हणाला, "तू केलंस ते बरोबरच. पण त्याच्याशी वाकडं नको." मला उत्तर द्यायचं होतं, पण मुलगी उठली.

वही गेली, चार्जर गेला. मौनीकाका दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा ट्रकवर होते, कारण ब्रेकचं काम अजून झालं नव्हतं. मी त्यांच्या बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "झोपले होते हो चार तास. चार पुष्कळ झाले त्यांना." ताईंनाही केला. सगळं सांगितलं. "हं," एवढंच म्हणाल्या, आणि मी म्हटलं, तुम्ही तेव्हा मला दोन थोबाडीत का नाही मारल्या? त्यावर म्हणाल्या, "तू कडेवर लेकरू घेऊन उभी होतीस गं."

पट्टे चार बांधतात का, मला आता कळायला मार्ग नाही. त्या नंबरवर दुसराच आवाज आहे, तोही गोडच असेल, आणि दहा मिनिटांत पोचतोय असंच सांगत असेल. असे नंबर पुष्कळ आहेत. म्हणून तुम्हाला सांगते. तुमची बहीण, मुलगा, शेजारीण, कुणीही आज "गाडी बंद पडली, टोइंगवाला आलाय, निघालोच" असा मेसेज पाठवून गप्प झालं असेल, तर अंगठा दाखवून फोन बाजूला ठेवू नका. लावा फोन. नाही उचलला तर पुन्हा लावा. वर गाडीतच बसले असतील तर त्यांना ट्रक थांबवून खाली उतरायला सांगा, आणि उतरून कठड्यापलीकडे उभे राहिलेत असं त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत ठेवू नका.