विहाराच्या बारा हजार विटा

उकंडाजींना जाऊन चार महिने झाले होते, तरी विक्रीकर कार्यालयाची नोटीस त्यांच्याच नावाने आली. मारेगावच्या पोस्टमनने ती त्यांच्या मुलीच्या, नलूच्या हाती दिली आणि सही घेताना उगीचच नजर चुकवली. गेल्या वर्षीची वही घेऊन यवतमाळला हजर व्हा, असे त्यात लिहिले होते. वणीच्या एका ठेकेदाराच्या बिलांत उकंडाजींच्या वीटभट्टीचे नाव वारंवार आले होते आणि तिथून कार्यालयाला पत्ता लागला होता.

वडील गेल्यावर शाळेतली नोकरी सोडून नलूने भट्टी हातात घेतली होती. विटा कशा पाडतात, सरपणाची पऱ्हाटी कशी रचतात, आच कुठे कमी पडते, हे तिला लहानपणापासून माहीत होते. कराचे मात्र काहीच माहीत नव्हते. एसटीत बसल्यावर तिने वही उघडली. वडिलांचे अक्षर मोठे होते आणि ओळी थोड्या वर चढत जात. चार महिन्यांत ही वही तिने पहिल्यांदाच उघडली होती.

कार्यालयातले साहेब किडकिडीत आणि शांत होते. भट्टीत सगळा खर्च जाऊन अकराशे रुपयेच उरले, त्यावर कर कसला, असे नलूने विचारले. साहेबांनी पेन खाली ठेवले. उरलेल्या पैशांवर असतो तो आयकर, आणि इतक्या थोड्या मिळकतीला तो लागत नाही, असे त्यांनी समजावले. विक्रीकर मात्र विकलेल्या मालावर. त्यात मजुरी, सरपण, बंडीभाडे वजा होत नाही. स्वतः माल बनवून विकणाऱ्याची वर्षाची विक्री दहा हजारांवर गेली, की नाव नोंदवून कर भरावा लागतो.

"म्हणजे तोटा झाला तरी भरायचा?"

"तरी. कारण तो मुळात तुमच्या खिशातला नसतोच. नोंदणी केली की गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा आणि सरकारात भरायचा. तुमच्या वडिलांनी नोंदणी केली नाही, म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतला नाही. आता मागचा घरातून भरावा लागेल."

नलूला हे चमत्कारिक वाटले आणि आवडलेही. कुणीतरी नीट मांडणी करून ठेवलेली ही एक वेगळीच दुनिया होती. तिने आणखी चार प्रश्न विचारले. साहेबांनी प्रत्येकाचे उत्तर दिले आणि वहीची बेरीज केली. दहा हजार दोनशे चाळीस.

कर आणि दंड मिळून सहाशेच्या घरात जात होते. झरी जामणीकडून विटा पाडणारी माणसे दिवाळीनंतर यायची, त्यांना द्यायची उचल तेवढीच होती. ती दिली नाही, तर ती दुसऱ्या भट्टीवर जाणार आणि नलूचा हंगाम बुडणार.

"यातली एखादी नोंद विक्रीची नसेल तर सोमवारपर्यंत दाखवा," साहेब म्हणाले.

परतीच्या गाडीत तिला ती नोंद सापडली. 'विहार. बारा हजार विटा. ४२० रुपये पावले.' वस्तीतला विहार उकंडाजींनी फुकट दिलेल्या विटांचा आहे, असे घरात आईदेखील धरून चालली होती. फुकट दिलेली वीट म्हणजे विक्री नव्हे. चारशे वीस वजा केले की बेरीज दहा हजारांच्या आत येत होती.

विहाराचा हिशोब नानाजी ठेवत. ते तिच्या वडिलांच्या बरोबरीचे, छप्पन साली नागपूरला एकाच गाडीने गेलेले.

"फुकट देल्ल्या म्हणून लिहून देतो ना मी," ते लगेच म्हणाले. "त्याच्यात काय हाय एवढं!"

पण नलूने त्यांची वही मागितली. तिथेही 'विटा खरेदी, ४२०' असेच होते. मग विहाराकडे चारशे वीस आले कुठून? तिने पान उलटले. बेचाळीस घरे, प्रत्येकी दहा रुपये. त्यात शकुबाईचे नाव होते. शकुबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची आणि महिनाअखेरीला मीठही उसने मागायची.

"नानाजी, शकुबाईनं दहा रुपये देल्ले?"

नानाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. 

"तुया बापानं देल्ले. सगळ्या घरायचे. म्हणे, माह्या एकट्याच्या विटायचा विहार नको. सगळ्यायनं इकत घेतलेला पाह्यजे. सकाळी नोटा मले मोजून देल्ल्या, दुपारी विटायचे म्हणून मोजून नेल्या. पावती फाडली बरोबर. त्याच नोटा, बाई. मले हासू येत होतं, अन् तो मात्र लय गंभीर."

उद्‌घाटनाच्या दिवशी ही बेचाळीस नावे वर्गणीदार म्हणून वाचली गेली होती; ती वर्गणी चुन्या-लाकडाची असेल, असे नलू धरून चालली होती. नाव आले की त्या घरचा माणूस उभा राहायचा. शकुबाई उभी राहिलेली नलूने पाहिली होती, पदर सारखा करत. वडील तेव्हा मागे दाराशी बसले होते.

"लोकायले माहीत होतं?"

"ज्याच्या त्याच्या घरचं ज्याले त्याले. बाकीच्यायचं कोणाले नाही. म्हणून म्हणतो, फुकट लिहू. हे घर चाललं पाह्यजे तुयं."

"मग ते बेचाळीस जण कायले उभे राह्यले होते, नानाजी?"

नानाजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ही खरोखर विक्री होती की नुसता देखावा, हे मात्र नलूलाही ठाऊक नव्हते, आणि तिला ते कळून घ्यायचे होते. सोमवारी तिने साहेबांना जसे घडले तसे सांगितले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "एकदा पैसे दिल्यावर विहाराने विटा दुसरीकडून घेतल्या असत्या, तर वडिलांनी अडवलं असतं?"

नलूने विचार केला. "नाही. तोंड पाडून बसले असते. पण अडवलं नसतं."

"मग ती विक्रीच. दान त्यांनी घरच्या खिशातून केलं, किंमत धंद्याच्या खिशात आली. खिसे दोन, माणूस एक. नवीन धंदेवाल्याला हेच समजावताना माझा घसा सुकतो." त्यांनी वही मिटली. "फुकट दिल्याचं लिहून आणलं असतंत, तर मी मान्य केलं असतं."

"हो," नलू म्हणाली. "पण वहीत तसं नाही."

पैसे दोन हप्त्यांत भरायची मुभा मिळाली. दिवाळीनंतर विटा पाडणाऱ्यांची मुकादम मानीबाई आपली माणसे घेऊन आली. नलूने निम्मीच उचल पुढे ठेवली आणि यंदा सहाच्या जागी तीनच भट्ट्या लागतील, असे सांगितले. मानीबाईने माणसांकडे पाहिले. निम्मी माणसे त्याच दुपारी वणीच्या रस्त्याला लागली. निम्म्यांनी चिखल तुडवायला घेतला.

पहिली भट्टी निघाली, तेव्हा नानाजी विहाराच्या कुंपणासाठी दोन हजार विटा मागायला आले. नलूने बिल केले. किमतीखाली एक ओळ ओढून कर वेगळा लिहिला आणि वर नवा नोंदणी क्रमांक घातला. नानाजींनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"हे खालचं काहून?"

तिने समजावले. ते ऐकत राहिले. मग बिलाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

"थांब आठ दिवस," ते म्हणाले. "एवढे रुपये लोकायकडून गोळा करा लागतीन."

आणि ते वर्गणीची वही काढून शकुबाईच्या घराकडे चालू लागले.