साक्षीदार हसली

भलत्या वेळी हसू येणं हा आमच्या घराण्यातला रोगच आहे. आजोबा गेले तेव्हा मी आणि आत्या तोंडात टॉवेल कोंबून बाथरूममध्ये बसलो होतो, आणि दोघींचाही त्यांच्यावर भारी जीव होता. आता मी मानसशास्त्रज्ञ झाले, तरी रोग काही गेलेला नाही.

त्या दिवशी कोर्टात माझी साक्ष होती. बेकरीत काम करणाऱ्या एका मुलीनं मालकावर बलात्काराची तक्रार केली होती. जबाब देताना ती हसली, आणि लिहून घेणाऱ्या पोलिसानं तेही इमानेइतबारे उतरवलं: 'तक्रारदार हसत होती.' या तीन शब्दांवर मालकाचे वकील तिला खोटी पाडायला निघाले होते.

मी तिचं तीनदा ऐकून घेतलं होतं, मध्ये न तोडता, तिच्या तोंडी शब्द न घालता. किती वाजले होते ते तिला आठवत नव्हतं आणि तसं तिनं सांगूनही टाकलं. पण पाव करपल्याचा वास आठवत होता, आणि त्या वेळी आपल्या डोक्यात 'ट्रे काढायला हवा' एवढंच चाललं होतं, हेही. ते सांगतानाही ती हसली. त्या माणसाचा मला इतका संताप आला की पाच मिनिटं लिहिताच येईना.

वकील उठले. "मॅडम, खरंच अत्याचार झालेली बाई हसेल का हो?"

"हसू शकते. भीतीनं, लाजेनं. हसण्यावरून खरं-खोटं ठरत नाही."

"हे झालं पुस्तकातलं. शहाणंसुरतं माणूस अशा गंभीर वेळी हसतं, याचं एखादं उदाहरण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि घात झाला. पोटातून हसू उसळलं. मी ओठ चावले, खोकले, पाणी प्यायले. पाणी नाकातून बाहेर आलं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही शपथेवर आहात. खोटं बोलताय का?"

"नाही, साहेब," मी डोळे पुसत म्हणाले. "घाबरलेय."

न्यायाधीश लेखनिकाकडे वळून म्हणाले, "लिहा. साक्षीदार भीतीमुळे हसली."

वकील खाली बसले. मागच्या बाकावर ती मुलगी तोंडावर हात दाबून बसली होती. तिनं हात खाली घेतला आणि खुदकन हसली.

या खेपेला ते कुणी लिहून घेतलं नाही.