नाकाशी कुणी बसायचं नाही

फुगवलेल्या गादीला मागून इंजिन लावलं की तिलाही नाव म्हणायचं, हे मला सुरतेजवळ इच्छापोरला येऊन कळलं. आम्ही जातीचे भोई. शहादे तालुक्यात तापीच्या काठी आमचं गाव. आजा, बाप, मोठा भाऊ किसन आणि मी, सगळे सागवानी नावेवर वाढलो. ही रबरी नाव दोन माणसं डोक्यावर घेऊन चालू लागतील इतकी हलकी. तरी ती हाकायचं काम मिळालं तेव्हा मी तीन दिवस जेवताना हसत होतो. त्याआधीची सात वर्षं मी सुरतेत डिंडोलीच्या खोलीतून उठून कापडाच्या लूमवर जात होतो, बारा तास खटखट ऐकत होतो आणि पाणी फक्त नळाला बघत होतो, तेही आलं तर.

शहाण्णवच्या जानेवारीतली ही गोष्ट. एका कंपनीला समुद्राच्या बाजूला धक्का बांधायचा होता आणि त्यासाठी तापीची खोली मोजायची होती. साहेब यंत्र घेऊन नावेच्या मध्यात बसणार, मी मागे बसून इंजिन धरणार. ठेकेदाराचे मुकादम योगेंद्रभाई सुरतेचेच. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "नाव चलाना आता है ना?" मी म्हणालो, "चलना आता है क्या, ये भी पूछ लो." ते हसले आणि मला ठेवून घेतलं.

पण नावेनं माझं नाक कापलं. इंजिनाची मूठ जरा जोरात पिळली की तिचं पुढचं टोक असं वर उठायचं, की समोर नदी नाही, नुसता करडा रबर. मच्छीमारांनी पाण्यात रोवलेले बांबू अंगाशी आल्यावर दिसायचे. ओहोटीच्या उलट जायचं तर जोर द्यावाच लागतो, आणि जोर दिला की नाक वर. त्यात समोरून वारा आला की त्या उठलेल्या नाकाखाली शिरायचा. एकदा तर मला वाटलं, ही बया आता मला पाठीवर झोपवणार. शिवाय नाव मागे कलली की साहेबांचं यंत्रही तिरकं होतं आणि खोली चुकीची दाखवतं. योगेंद्रभाईंनी सरळ सांगून टाकलं, "सोमवारला साहेब आवे छे. तब तक नाक नीचे चाहिए. नहीं तो दमण से दूसरा ड्रायव्हर बुलाऊंगा."

म्हणजे मी परत लूमवर.  सात वर्षांनी नदी मिळाली होती, ती आठ दिवसांत परत द्यायची?

मी जिद्दीला पेटलो. मागे पायाशी ठेवलेली पेट्रोलची टाकी लांब नळी लावून पुढे सरकवली. तळाची हवा चांगली दाबून भरली, नाव मधोमध वाकू नये म्हणून. इंजिन मागच्या फळीपासून किती लांब राहावं ते ठरवणारी एक खीळ असते. ती एक भोक आत घेतली, म्हणजे इंजिनाचं शेपूट फळीकडे आलं. प्रत्येक वेळी नाक थोडं खाली यायचं, पण पुरेसं नाही.

मग लक्षात आलं, सगळ्यात जड धोंडा मागे बसलाय तो मीच. मला पुढे सरकायला हवं, पण इंजिनाची मूठ हातभरच लांब. मी लूमच्या कारखान्यातून कापडाचा ताका गुंडाळायचा पुठ्ठ्याचा जाड नळा आणला आणि मुठीवर चढवला. वीस मिनिटं मी राजासारखा नावेच्या मध्याजवळ बसून फिरलो. मग नळा भिजला, आणि माझ्या हातात ओल्या पोळीसारखा वाकला. काठावरून योगेंद्रभाई पोट धरून हसत होते. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा पाइप आणून पट्टीनं आवळला. तो टिकला. नाक आणखी वीतभर उतरलं.

तरी साहेबांच्या यंत्राला ते चालणार नव्हतं. योगेंद्रभाई म्हणाले, "अरे सीधी बात है, आगे वजन रख." आणि त्यांनी स्वतः रेतीचं एक पोतं आणून नाकाशी टाकलं. मी ते उचलून काठावर ठेवलं. त्यांनी परत टाकलं, मी परत काढलं. त्यांना वाटलं, मला वेड लागलं.

त्यांना काय सांगणार? आमच्या घरात रीत आहे. नावेच्या नाकाशी लांब बांबू घेऊन जो उभा राहतो, त्याची ती जागा. नदीनं त्याला नेलं आणि तो सापडला नाही, तर तो सापडेपर्यंत त्या घराच्या कुठल्याही नावेत नाकाशी कुणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही. परत आला तर बसेल कुठे, म्हणून.

किसन पंच्याऐंशीच्या पुरात गेला. बांबू रुतला म्हणून त्यानं जोर लावला, बांबू सुटला आणि तो गेला. मी मागे होतो. माझ्या डोळ्यांसमोर त्याची पाठ होती आणि मग नव्हती. चार गावं काठ धुंडाळला. गावातल्या म्हाताऱ्यांनी आईला, कलाबाईला, सांगितलं, तापी सगळं सुरतेला नेते. तेव्हापासून आमची नाव रिकाम्या नाकानं चालली. पुढे पूल झाला, नाव काठावर सुकली आणि मी सुरतेला आलो. वर्षभरानं आईही आली. येताना एक दिवस उशिरा पोचली. मी दोनदा स्टेशनवर हेलपाटे घालून वैतागलो होतो. म्हणाली, गाडी चुकली.

मला एक गोष्ट माहीत होती आणि ती मी आईला कधी सांगितली नाही. गाव आणि सुरत यांच्या मध्ये उकाईचं धरण आहे. एवढी मोठी भिंत, तिथून काडीसुद्धा खाली येत नाही. पण आई दर अमावस्येला सुरतेच्या घाटावर जाऊन पाण्याकडे बघत बसायची, आणि मला ते तिच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही सोडायचं नव्हतं. भिंत माहीत असून मी इतकी वर्षं पाण्याजवळ काही तरंगताना दिसलं की थांबतच होतो. किसनची मला फार आठवण येते. तो माझ्यावर ओरडायचा त्याचीसुद्धा.

रविवारी दुपारी आई भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन इच्छापोरला आली. तिला नाव बघायची होती. मी एकट्यानंच एक फेरी मारून दाखवली. काठाला लागलो तर ती पदर डोळ्यांवर धरून नाव निरखत उभी.

"हाई काय नाव शे का, भटू?" ती म्हणाली. "नाक तं आभायले भिडनं."

"सगळं करी देखं, माय. नही बसत खाले."

"कसं बसी? पुढे वजनच नही."

भोयाच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई. आठ दिवस मी जे करत नव्हतो ते तिनं एका नजरेत ओळखलं. मला राग आला, कारण ते तिच्यामुळेच तर करत नव्हतो.

"पुढे कोन बठी? तुले म्हाईत शे ना," मी म्हणालो.

"मी बठसू."

मी विचारलं, "आनि किसन उना तं?"

आईनं चप्पल काढली. "कोठून येई तो? मझार उकाईनी भित शे."

 कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"सांगाले कोन पाहिजे? मी देखी उनू. सुरतले येताना सोनगडले उतरी पडनू." गाडी चुकलेली नव्हतीच. ती वाटेत, धरणाजवळच्या सोनगडला, एकटी उतरली होती आणि दिवसभर ती भिंत बघून आली होती.

"मंग आठे कसाले उनी तू?"

"तू आठे व्हता ना," आई म्हणाली आणि नावेकडे चालू लागली.

योगेंद्रभाईंनी धावत येऊन तिच्या लुगड्यावर नारिंगी जाकीट चढवलं आणि "माजी, पकड के बैठना" असं चार वेळा बजावलं. ती त्यांच्याकडे बघून हसली. तिनं आधी नावेला हात लावून तो कपाळाला लावला, मग तोल सांभाळत पुढे गेली आणि नाकाशी बसली. तोंड नदीकडे, पाठ माझ्याकडे. अकरा वर्षांनी माझ्या पुढे कुणाची तरी पाठ होती.

मी पाइप हातात घेऊन निघालो. नाव उजवीकडे कलत होती. पाहिलं तर आई मधोमध बसलीच नव्हती. एसटीत शेजारच्याला जागा देतो तशी ती उजवीकडच्या रबराला टेकून बसली होती. डावीकडची जागा रिकामी.

तिला तिथून हलवू नये असंच वाटत होतं. पण नाव कलती राहिली तर जोर देता येईना.

"माय," मी म्हणालो, "मझार सरक. नाव कलस."

ती हलली नाही. इंजिन फडफडत होतं. मग तिनं मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात, चुलीपुढून पोराला उठवावं तसं म्हणाली,

"किसन, जरासा सरक रे भाऊ."

आणि आई मधोमध सरकून बसली. मी मूठ पिळली. नाक उठलं नाही. तिच्या खांद्यावरून मला सगळं पाणी दिसत होतं, मच्छीमारांचे बांबू दिसत होते, पार समुद्राकडची उजळ रेघ दिसत होती. एक हात पाइपवर, दुसरा कडेच्या दोरीवर, डोळे पुसायला मला हात मोकळा नव्हता, म्हणून मी तसाच हाकत राहिलो.