चौथं माप

बाळ पिता पिताच झोपलं. बारकीने त्याला अलगद टोपलीत ठेवलं, टोपली लाकडाच्या भुशापासून लांब, खिडकीखाली सरकवली आणि लगबगीने मेजाशी आली. पाजताना काढून ठेवलेला चामड्याचा एप्रन पुन्हा चढवायचा तिला कंटाळा आला. बाळाची झोप म्हणजे पावणेदोन तासांची कमाई, तेवढ्यात दस्ता तपासून हातावेगळा करायचा होता.

छर्‍यांच्या बंदुकीची नळी आणि चाप दुसरीकडून यायचे. पण बंदूक माणसाच्या गालाला आणि खांद्याला जिथे टेकते तो लाकडी दस्ता या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये घडायचा. आधी बाबा घडवत, आता बारकी. अक्रोडाच्या लाकडाला शेवटची कानस मारली की बंदूक जोडून एकदा खांद्याला लावून बघायची, ही घरची रीत. बारकीने शेकडो वेळा केलं होतं तसंच केलं. बंदूक उचलली, गाल टेकवला, दस्ता खांद्याच्या खळग्यात ओढून घेतला.

"आई गं!"

दस्त्याच्या मागच्या कडेचं खालचं टोक छातीत असं रुतलं की तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. छाती दुधाने भरलीय, म्हणून लागलं, तिने स्वतःची समजूत घातली. पुन्हा उचलली. पुन्हा तिथेच. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने खुंटीवरचा एप्रन घातला आणि तिसर्‍यांदा बंदूक लावली. काही नाही. जाड चामड्यापलीकडे टोक कुठे आहे याचा पत्तासुद्धा लागला नाही. एप्रन काढला. टोचलं.

बारकी स्टुलावर बसली. बारा वर्षं ती हा एप्रन घालून बंदुका तपासत होती.

"बारके, खाली टोचतंय गं," ताई म्हणाली होती. अकरा वर्षं झाली त्याला.

तेव्हा बारकी एकोणीस वर्षांची होती आणि तिने आयुष्यातला पहिला दस्ता घडवला होता, तोही ताईसाठी. ताई हवेत उडणार्‍या मातीच्या तबकड्या अशा टिपायची की मैदानावरची मोठमोठी माणसं चहाचे कप खाली ठेवून बघायला यायची. संघाची निवड तोंडावर आली होती. बाबा म्हणाले, "ताईचा दस्ता तू कर." बारकीचं दोन दिवस जेवणात लक्ष लागलं नाही, इतका आनंद.

माप घ्यायची बाबांची पद्धत ठरलेली. चार मापं. कोपराच्या घडीपासून बोटाच्या पेरापर्यंत हात किती, हे पहिलं. गालाची उंची दुसरं. दस्ता बाजूला किती वळवायचा, हे तिसरं. आणि मागची कड खांद्याशी किती तिरकी कापायची, हे चौथं. चौथ्यासाठी खांद्यापासून छातीपर्यंत पट्टी धरावी लागे. पुरुष गिर्‍हाईक असलं की बाबा पट्टी धरत. बाईमाणूस असलं की ते खिडकीबाहेर बघत, घसा खाकरत आणि मापवहीत चौथ्या रकान्यात लिहीत, 'ने. प्र.' म्हणजे नेहमीप्रमाणे. नेहमीप्रमाणे म्हणजे अर्थातच पुरुषाप्रमाणे. पण हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, आणि बारकीच्या डोक्यात आलं नव्हतं. ताईचं माप घेताना तिनेही, सख्ख्या बहिणीचं माप घेताना, आपल्या वळणदार अक्षरात 'ने. प्र.' लिहिलं. हात आखूड म्हणून दस्ता मागून इंचभर कापला. झाली बायकांची बंदूक!

ताईने महिनाभर सराव केला. छातीवर निळा डाग पडला, पिवळा झाला, पुन्हा निळा पडला. "टोचतंय गं," ती म्हणाली. बारकीने मापवही काढून दाखवली. "हे बघ, माप बरोबर आहे. तू नीट धरत नाहीस." मग ताई चाप ओढायच्या आधी डोळे मिटायला लागली. बार व्हायच्या आधीच खांदा मागे घ्यायला लागली. धक्का कुठे बसणार हे अंगाला कळलं होतं, आणि अंग काही कुणाचं ऐकत नाही.

निवडीच्या दिवशी पंचविसातल्या अकरा तबकड्या फुटल्या. शिकवणारे मास्तर तावातावाने बारकीकडे आले. ताई तिथेच, हातभर अंतरावर, पाठ करून उभी होती.

"बंदुकीत काही दोष आहे का? खरं सांग. तसं असेल तर मी पुन्हा संधी मागतो."

बारकीचा तो पहिला दस्ता होता. मास्तरांच्या मागे उभी असलेली चार माणसं त्या दस्त्याकडे बघत होती.

"बंदुकीत काही नाही," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण तिने पुढे जोडलं, "ती घाबरते."

झालं. त्या दिवसापासून ताई घरात 'दचकी' झाली. वार्‍याने दार आपटलं की सगळे आधी ताईकडे बघत. कुणाच्या वाढदिवसाला फुगा फुटला की मामा ओरडत, "अरे, दचकीला धरा कुणीतरी!" ताईही हसायची. बंदूक तिने पुन्हा हातात घेतली नाही. आता ती कोपर्‍यावरच्या औषधांच्या दुकानात कामाला होती, लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगायची.

बारकीने कपाटातून जुन्या मापवह्या काढल्या. बायकांची नावं शोधून काढली. एकोणतीस बायका, एकोणतीस 'ने. प्र.' शेवटचे सात तिच्या स्वतःच्या हातचे.

संध्याकाळी बाबा नातवाला बघायला आले तेव्हा तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"मी बाईमाणसाच्या छातीला पट्टी कशी लावणार गं पोरी? लोकांनी मला जोड्याने मारलं असतं."

"लावायची कशाला, बाबा? विचारायचं. टोचतं का, एवढंच."

बाबा बाळाच्या पायाचा अंगठा कुरवाळू लागले. "तेवढं सुचलं नाही बघ," ते म्हणाले. "लाकडाचं सगळं सुचायचं."

पुढचे तीन महिने बारकीने बाळाच्या झोपेतून वेळ चोरून नवा दस्ता घडवला. पुठ्ठ्याचे तिरके तुकडे कापून ती ते कडेला चिकटवायची, बंदूक लावून बघायची, काढायची, पुन्हा कापायची. खालचं टोक मागे घेतलं, बाहेरच्या बाजूला जरासं वळवलं, त्याची सगळी धार घालवली. टोचणं थांबलं, तर मान वाकायला लागली. बायकांची मान उंच, गाल खाली न्यायचा तर कुबड काढावं लागतं. मग गाल टेकायची धार वर उचलली. मूठ बारीक केली, चापाच्या जवळ आणली. शेजारची शिंपीण उत्साहाने आली, बंदूक लावून म्हणाली, "काय बाई, मी ब्लाउज शिवताना चार पिना लावून तीनदा बघते, आणि तुम्ही लोक एवढी दणके देणारी वस्तू डोळे मिटून कापता?" बारकीला हसू आलं आणि लगेच गेलं.

शिंपीण गेल्यावर तिने दस्ता ताईच्या हाताच्या जुन्या मापाने पक्का केला. कुणाला सांगितलं नाही. तिच्या मनात एकच होतं. ताईने एकदा हा खांद्याला लावावा, आणि मग आपण तिला सांगावं. गेलेलं थोडं तरी परत देता येईल, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

"मला नवा दस्ता तपासायचाय. दहा काडतुसं फक्त. बाळाला बाबा सांभाळतील," ती दुकानात जाऊन म्हणाली.

"मी?" ताईने खोकल्याच्या बाटल्या रांगेत लावल्या. "अगं, हॉर्न वाजला तरी मी पळेन. दुसरी कुणी बघ."

"दुसरी कुणी तुझ्याइतकं खरं सांगत नाही."

हे वाक्य बोलताना बारकीची जीभ अडखळली. ताईच्या लक्षात आलं नाही. ती रविवारी सकाळी आली, जुने बूट घालून. ते तिने टाकले नव्हते.

मैदानावर गवत वाढलं होतं. तबकडी फेकणारं यंत्र मात्र तेच होतं, तसंच कुरकुरणारं. ताईने बंदूक हातात घेतली, वजन तोललं, खांद्याला लावली आणि तशीच थांबली. कपाळावर आठी आली. तिने बंदूक खाली घेतली, पुन्हा लावली. खांद्याने काहीतरी शोधलं आणि ते सापडलं नाही.

"सोड," ती म्हणाली.

पहिली तबकडी गेली तशी निघून गेली. दुसरीचा कोपरा उडाला. तिसरी फुटली. चौथी फुटली. पाचवीला ताईचे पाय आपोआप रुंदावले, डावा हात पुढे सरकला, आणि बारकीला अकरा वर्षांपूर्वीची पाठ दिसायला लागली. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. प्रत्येक वेळी काळी तबकडी हवेत धूळ होऊन जायची आणि ताई पुढचं "सोड" म्हणायची, तेही शांतपणे, दुकानात 'जेवणानंतर एक' म्हणावं तसं.

आठवीनंतर तिने बंदूक उघडून हातावर आडवी धरली. दोन काडतुसं शिल्लक होती.

"मी डोळे मिटले नाहीत," ती म्हणाली.

"नाही मिटलेस."

"काय केलंयस यात?"

बारकीने सांगितलं. टोक कसं मागे घेतलं, धार किती उचलली, मूठ किती बारीक केली. मापवही, चौथा रकाना, एप्रन. बोलता बोलता ती भरभर बोलायला लागली, कारण खरं सांगायचं ते अजून पुढेच होतं. मग तेही सांगितलं. "मास्तरांनी मला विचारलं होतं. पुन्हा संधी मागणार होते ते. मी म्हटलं, बंदुकीत काही नाही, ती घाबरते."

"ऐकलं होतं मी," ताई म्हणाली. "हातभर अंतरावर तर उभी होते."

"आणि तू काही बोलली नाहीस?" बारकीने विचारलं.

"मला राग नव्हता आला. मला वाटलं, माझी बहीण आहे, दस्ता तिने घडवलाय, म्हणजे तिला माहीत असणार. माप बरोबर आहे म्हणजे मीच बरोबर नाही." ताईने नळीवर चिकटलेली गवताची काडी काढली. "त्यानंतर मला शेजारच्या देशात नोकरी आली होती. मोठ्या दवाखान्यात. आठवतंय? मी गेले नाही. गाडी शिकले नाही. एका मुलाने लग्नाचं विचारलं तेव्हाही उत्तर द्यायला दोन वर्षं लावली, तोवर त्याचं दुसरीकडे जमलं. प्रत्येक वेळी म्हटलं, आपण बाई घाबरट, आपलं हे काम नाही. घाबरट माणूस काय काय सोडून देतो, ते बाहेरून दिसत नाही गं."

"ताई, मला वाटलं तुला बरं वाटेल. तुझी चूक नव्हती हे कळलं तर..."

"माझी चूक होती तोवर बरं होतं, बारके. चूक माझी होती म्हणून मी गप्प बसू शकले. आता एवढं सगळं उगाच गेलं म्हणायचं, आणि कुणाशी भांडायचं? लाकडाशी?" ती हसायला गेली, पण हसू ओठांवरच वाकडं झालं. "आठातल्या सात फोडल्या मी. अकरा वर्षांनी हातात धरून सात. तू मला नुसतं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. फोडायला लावायला नको होतंस."

बंदूक तिने बारकीच्या हातात दिली. उरलेली दोन काडतुसंही दिली. यंत्र अजून कुरकुरत होतं, बारकीने जाऊन ते बंद केलं.

"हा दस्ता तुझ्यासाठी ठेवू?" तिने परत येऊन विचारलं. विचारतानाच तिला कळलं, की हे विचारायला नको होतं.

"नको. कुणा पोरीला दे. आणि तिला विचार टोचतंय का."

"विचारेन. आणि ऐकेन."

"ऐकशील गं, ते काय. आता तुलाही टोचलंय." ताईने बुटाची नाडी आवळली. "ऐकून काय उपयोग? तिच्या मास्तरांकडे जा. चार लोकांत सांग, दोष माझ्या कामात आहे, पोरीत नाही. तिच्या देखत सांग. ती पाठ करून उभी असली तर तिला आधी इकडे वळव आणि मग सांग."

एवढं बोलून ती फाटकाकडे चालायला लागली. बारकी बंदूक खोक्यात ठेवत होती. खोक्याची कडी लागेना. तिच्या मनात आलं, आपण अर्धा तास बोललो. अंश सांगितले, इंच सांगितले, बाबांचं सांगितलं, शिंपिणीचंही सांगितलं.

"ताई!"

ताई थांबली.

"माझं चुकलं."

वार्‍यावर तो शब्द पोचला की नाही, बारकीला कळेना. मग ताई मागे फिरून चालत आली, आणि जवळ आल्यावर तिने बारकीला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"हो. चुकलंच," ती म्हणाली. मग अंगातला स्वेटर काढून तिने तो बारकीच्या खांद्यावर टाकला. "हा घाल वरून. दूध आलंय तुला, सगळा कुर्ता भिजलाय. चल लवकर, पोरगं भुकेलं असेल."