गुरुवारची मंडळी

आबांनी वरचं बटण दुसऱ्या काजात घातलं होतं, त्यामुळे खाली एक बटण उरलं होतं. त्या उरलेल्या बटणाकडे बघत ते दिवाणावर बसले होते. मी हात पुढे केला तसा त्यांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला, सगळी बटणं सोडली आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

"आबा, रिक्षा खाली येऊन थांबलीय."

त्यांनी मान हलवली. घाई केली नाही.

"आजच्या दिवस राहू द्यायचं का? बाळाला सर्दी आहे. वारं पण सुटलंय."

"न्हाई," आबा म्हणाले.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे जे मोजके शब्द शिल्लक राहिले होते, त्यांत हा सगळ्यात ठणठणीत. 'पाणी' म्हणायला त्यांना तोंड कितीदा तरी उघडमिट करावं लागे. 'न्हाई' मात्र पहिल्याच फटक्यात यायचं.

आबा, म्हणजे मालोजी, माझे सासरे. जालन्याकडून तरुणपणी आकुर्डीला आले आणि दुचाकींच्या कारखान्यात रंगखात्यात लागले. आम्ही ख्रिस्ती माणसं उपासनेला जमतो ती रविवारी. पण इकडे भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. रविवारी सकाळी मंडळी चर्चमध्ये गीतं गात असायची तेव्हा आबा तोंडाला फडकं बांधून रंगाच्या फवाऱ्यासमोर उभे. एक वर्ष त्यांनी असंच काढलं. मग एका गुरुवारी आकुर्डी गावठाणातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत ढोलकी काढली आणि एकटेच भजन म्हणत बसले. हळूहळू त्यांच्यासारखेच अडकलेले आणखी लोक यायला लागले. ती झाली गुरुवारची मंडळी. चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देत, बाकी सगळं आबाच बघत. आम्ही पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तरी आबांनी ती खोली सोडली नाही.

शेवटची प्रार्थना हे त्यांचं खास. तीत ते प्रत्येकाचं नाव घ्यायचे, आणि नावामागोमाग त्याचं जे काय अडलं असेल ते. कुणाची नाईट शिफ्ट, कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाला परमनंट करतील की नाही. लग्न होऊन मी आले त्याच गुरुवारी त्या प्रार्थनेत माझं नाव आलं. 'दिव्याला इथलं पाणी मानवू दे,' असं काहीतरी. नवरा, सासरा, घर, सगळंच परकं होतं तोवर. त्या दुपारी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता सगळंच अडलं होतं. आबा आजारी पडल्यापासून समाधान, माझा नवरा, उपासना घ्यायचा. पण त्याच्या कंपनीने नुकतीच सुट्टी फिरती केली.

"माझा ऑफ आता कधी सोमवारी, कधी बुधवारी," काल डबा घासून ठेवताना तो म्हणाला. "घेणार कोण? पाळकसाहेबांशी बोललो मी. ते म्हणाले, मूठभर लोकांसाठी वेगळं कशाला, मोठ्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळची पण उपासना आहे, सगळ्यांनी तिकडे या. तू उद्या जा, छोटीशी प्रार्थना कर आणि सांगून टाक, आजपासून बंद."

"मी सांगू?"

"मग काय आबा सांगणार?"

बोलून गेला आणि घासलेलाच डबा पुन्हा घासायला लागला. बाहेरच्या खोलीत दिवाण करकरला. आबा जागे होते.

मला खरं तर बरंच वाटलं होतं. मी काळजीनेच जगणारी बाई. बाळ झोपलं तर श्वास चालू आहे ना बघते, रडलं तर काय दुखतंय म्हणून घाबरते. त्यात आबा. त्यांना घास अडकतो, उजवा पाय फरपटतो. आणि चार माणसांत त्यांची जीभ अडखळली की मला तिथून पळून जावंसं वाटतं. म्हणून मी त्यांचे शब्द पुरे करायला शिकले. त्यांनी 'च' म्हटलं की मी 'चहा ना?' म्हणून मोकळी. नातेवाईक म्हणायचे, सून सासऱ्याचा शब्द खाली पडू देत नाही.

रिक्षात एका हाताने बाळ छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने आबांचा दंड. आबा बाहेर बघत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, तोंड कोरडं पडलंय.

"पाणी देऊ?"

त्यांनी मान हलवली, नको. ओठ हलतच राहिले.

खोलीच्या दारात गवराबाई बसल्या होत्या. त्या खोलीच्या मालकीणबाई, मूळच्या आकुर्डीच्याच. फार वर्षांपूर्वी गुरुवारी खोलीतून ढोलकी ऐकू आली तेव्हा, गुरुवारचं भजन म्हणजे दत्ताचंच असणार, असं धरून त्या नारळ आणि पेढे घेऊन आत आल्या होत्या. आबांनी सांगितलं, बाई, आमी येशूचं भजन करतो. त्या म्हणाल्या, "मंग आता आलेच हाय तर बसते." पेढे सगळ्यांना वाटले आणि बसल्या त्या बसल्याच. त्यांचा दत्त त्यांच्या देव्हाऱ्यात, आणि गुरुवारी दुपारी त्या आमच्या उंबऱ्यापाशी. आबांना अजून बुवाच म्हणतात.

"या मालोजीबुवा. लई दिसांनी पाय लागलं. पोरगा न्हाई आला?"

"त्यांना ड्युटी आहे," मी म्हणाले.

"मंग आज बुवाच सांगनार व्हय?"

आबांच्या तोंडाची डावी बाजू हसली. मी बोलणं बदलायला म्हणून बाळाचं टोपरं सारखं केलं.

आत गिरजामावशी सतरंजी झटकत होत्या. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. ज्ञानेश चाकणहून दोन बस बदलून आला होता. बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा पोरगा, मशिनवर ऑपरेटर, अजून कॉन्ट्रॅक्टवर.

"वहिनी, आज टीम पुरी नाही आपली," तो म्हणाला. "अंपायर धरून पण नाही."

"तू आहेस ना बारा जणांचं जेवायला," गिरजामावशी म्हणाल्या.

मी मावशींना बाजूला घेतलं. "समाधानने एक गोष्ट सांगायला सांगितलीय. शेवटी सांगते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सतरंजी पसरली.

आबा भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी ढोलकी मांडीपाशी ओढली. डावा हात पडला, नेहमीसारखा घुमला. उजवा मांडीवर तसाच. एका बाजूची ढोलकी ऐकवेना. तसा ज्ञानेश पुढे सरकला आणि समोर मांडी घालून बसला.

"आबा, ही बाजू मी बघतो. पण मला ताल कळत नाही. कंप्रेसरचा तेवढा कळतो."

"मंग कंप्रेसरचाच वाजव," गवराबाई म्हणाल्या.

एकाच ढोलकीवर दोन माणसं. सुरुवातीला दोघांची गाठच पडेना. आबा मान डोलावून त्याला थांबवायचे, पुन्हा सुरू करायचे. गिरजामावशींनी भजन उचललं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत ते दोन हात बऱ्यापैकी एका माणसाचे झाले. मी पण म्हणत होते, पण माझं लक्ष घड्याळाकडे, बाळाच्या नाकाकडे आणि पुढे सांगायच्या वाक्याकडे. मनात ते वाक्य चार प्रकारे जुळवून झालं होतं. आबांच्या तब्येतीमुळे असं म्हणावं, की पाळकसाहेबांच्या सल्ल्याने?

गिरजामावशींनी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा वाचला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळाला खांद्यावर घेऊन उठले.

"आपण प्रार्थना करू या," मी म्हणाले.

आबांनी डावा हात वर केला. "मी."

ज्ञानेशने ढोलकीवरचा हात काढून घेतला. मी उभीच. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. शब्द अडकेल, लाळ येईल, लोक खाली बघतील, आणि घरी गेल्यावर हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपेल तो कायमचा. पण आबांनी डोळे मिटले होते.

"प्र... प्रभू," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "गि... गि..."

"गिरजाबाई," माझ्या तोंडून गेलं.

"न्हाई," आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच. आवाजात राग नव्हता. त्यांनी एक श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "प्र... प्रभू. गि... गिर..."

मी खाली बसले. ओठ दातांखाली धरले. पलीकडच्या घरात मिक्सर चालू झाला, बंद झाला. स्टेशनाकडून लोकलचा भोंगा आला.

"गिर...जा. गु... गुडघा."

गिरजामावशींनी पदर तोंडाला लावला. कँटीनमध्ये दिवसभर उभं राहून त्यांचे गुडघे गेलेत. हे आबा कधी विसरले नव्हते.

रिक्षात ओठ का हलत होते ते मला तेव्हा कळलं. किती दिवस हलत असतील? दुपारी मी बाळाला घेऊन आत झोपायची, तेव्हा बाहेर दिवाणावर हा माणूस काय करत होता, ते मी उठून कधी बघितलं नव्हतं. इतकं सगळं बघत असते मी.

पुढचं नाव ज्ञानेशचं. धड माणसालाही ते जोडाक्षर जड, आबांची तर जीभ टाळूला लागायची आणि घसरायची. त्यांच्या कपाळावर घाम आला. हनुवटी थरथरत होती. कुणी हललं नाही. ज्ञानेश ज्या पोरांत राहतो ती त्याला नुसतं 'ए बीड' म्हणतात. तो मान खाली घालून आपल्या नावाची वाट बघत बसला होता.

"ज्ञा... नेश," आबा म्हणाले. "पर... मनंट."

ज्ञानेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग समाधान, जो या घडीला चाकणला मशिनपाशी उभा होता. त्याच्या नावापुढे आबा नुसतं "पोर" म्हणाले. मग गवरा, आणि पुढे "घर", ज्याच्या खोलीत इतकी वर्षं आम्हाला जागा होती. गवराबाईंना आमच्यासारखे डोळे मिटायची सवय नाही. त्या सगळा वेळ आबांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि आपलं नाव आलं तसं हळूच "व्हय" म्हणाल्या.

"दि... दिव्या," आबा म्हणाले.

मी बाळाला घट्ट धरलं. ते शोधत होते. मला माहीत होतं की मी एक शब्द पुढे केला तर त्यांचा त्रास वाचेल, आणि मी गप्प राहिले. बाळाचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता.

"भी... भीती," ते म्हणाले. आणि मग तो त्यांचा ठणठणीत शब्द, पहिल्या फटक्यात. "न्हाई."

बाळाचं नाव घेतलं, आमेन म्हटलं. आमचं आमेन एवढं मोठ्याने निघालं की रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने आत डोकावून पाहिलं. ऊन उंबऱ्यावरून पार भिंतीवर चढलं होतं. आबांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते, त्यांना पुष्कळ वर्षं ओळखणाऱ्या गिरजामावशी नंतर म्हणाल्या तसं, कारखान्यातून पहिला पगार घेऊन आलेल्या पोरासारखे दिसत होते.

"दिव्या," गिरजामावशींनी विचारलं, "तू कायतरी सांगणार होतीस ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबासुद्धा. त्यांना माहीत होतं मी काय सांगणार ते. त्यांनी नजर वळवली नाही.

"हो," मी म्हणाले. "पुढच्या गुरुवारपासून जरा लवकर सुरू करू. आबांना प्रार्थनेला वेळ लागतो."

"मी तर म्हणतो डबाच घेऊन येऊ," ज्ञानेश नाक पुसत म्हणाला.

"समाधान?" गिरजामावशी हळूच म्हणाल्या.

"त्यांना मी सांगते. आबांना घेऊन मी येईन."

आबा भिंतीचा आधार घेत उठले. मी धावले नाही. आमच्यात उपासना संपली की ती घेणारा माणूस दारात उभा राहतो आणि प्रत्येकाशी हात मिळवून सलाम करतो. आबा पाय ओढत दारापर्यंत गेले. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि गिरजामावशींच्या हातात ठेवला. "सलाम." मग परत घेतला, पुन्हा उचलला आणि ज्ञानेशच्या हातात ठेवला. "सलाम."

उंबऱ्यापाशी गवराबाई उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी आबांना कधी हात दिला नव्हता. लांबूनच दोन्ही हात जोडायच्या आणि निघायच्या. आजही त्यांनी हात जोडले. पण आबांनी आपला उजवा हात उचलून पुढे केला होता. तो डाव्या हाताच्या मुठीत थरथरत होता, तरी ते तो खाली घेत नव्हते.

गवराबाईंनी पदराला हात पुसला.