ओदिलचा आवाज

उत्तरेकडच्या रुबे गावात सूतगिरणीत काम करणाऱ्या मार्थबाईंची मुलगी ओदिल देलात्र सतराव्या वर्षी अख्ख्या फ्रान्सला ठाऊक झाली, ती सायकलवरच्या एका गाण्यामुळे. गाणं तसं पोरकटच होतं, पण त्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या प्रत्येक कॅफेत तेच वाजत होतं. रेकॉर्ड कंपनीने तिचे केस आखूड केले, आडनाव गाळून टाकलं आणि मुलाखतीत कमी बोलायला सांगितलं. गाताना तिचे उत्तरेकडचे हेल लपून जायचे. बोलायला लागली की गिरणीगाव उघडं पडायचं आणि पॅरिसची माणसं गालात हसायची.

पुढे लाफार्ज नावाच्या दिग्दर्शकाने तिला सिनेमात नायिका केलं, भूमिका वकिलाच्या मुलीची. चित्रीकरणभर तो तिचं कौतुकच करत होता. काम संपल्यावर ती गाण्याच्या दौऱ्यावर निघून गेली, आणि मागे काय चाललंय ते तिला कुणीच कळवलं नाही.

पहिल्या खेळाला तिने आईला मुद्दाम रुबेहून बोलावून घेतलं. मार्थबाई नवा कोट घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. पडद्यावर ओदिल आली, तिने तोंड उघडलं आणि एक गोड, गुळगुळीत आवाज बाहेर पडला. तो तिचा नव्हता. ओदिलला वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय, आता खेळ थांबवतील. कुणी थांबवला नाही. मार्थबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग लेकीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "तुझ्या तोंडात दुसरीच कुनी बोलतीया गं."

बाहेर आल्यावर लाफार्जने तिला समजावलं की वकिलाची मुलगी रुबेसारखी बोलून कसं चालेल, आणि हे असं सगळेच करतात. ओदिल हसत उभी राहिली, फोटो काढून घेतले. आईला गाडीत बसवताना मात्र तिचा बांध फुटला. मार्थबाईंनी आपला रुमाल तेवढा पुढे केला.

ती दुसरी बाई ओदिलच्या डोक्यातून जाईना. शेवटी तिने नाव शोधून काढलं: युगेत साल्मों. परदेशी सिनेमांना फ्रेंच आवाज द्यायचं काम करणारी. तिची चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच ओदिल डबिंगच्या स्टुडिओत धडकली. समोर आली ती पन्नाशीची, ठेंगणी बाई. स्वेटर विटलेला, हातात अर्धं खाल्लेलं सँडविच.

"तू येशील असं वाटलंच होतं मला, पोरी," युगेत म्हणाली. "बस. बोल काय बोलायचंय ते."

"लाज नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली. रोज वाटली." युगेतने सँडविच खाली ठेवलं. "कितीतरी दिवस तुझ्या ओठांकडे बघत होते मी. सिनेमात बापाशी भांडायच्या आधी तू श्वास अडवतेस. कुणी शिकवलं ते?"

"कुणी नाही."

"लाफार्जला ते दिसलंच नाही. माझा आवाज त्यावर घालताना वाटलं, चांगल्या कापडाला ठिगळ लावतेय."

युगेत पूर्वी नाटकात होती. तिचा चेहरा पडद्यावर कुणाला नको होता, म्हणून ती या अंधाऱ्या खोलीत येऊन बसली. हे तिने कुरकुर न करता सांगितलं. भांडायला गेलेली ओदिल मग दर सोमवारी तिच्याकडे शिकायला जाऊ लागली. आपले हेल हवे तेव्हा ठेवायचे आणि नको तेव्हा बाजूला सारायचे, हे युगेतने तिच्याकडून घोटून घेतलं. शिकवायची कडक. एकदा उतारा वाचताना ओदिलने गळा काढला तर म्हणाली, "तूच रडलीस तर लोकांनी काय करायचं?"

लाफार्जने दुसरा सिनेमा देऊ केला तेव्हा ओदिलने आपल्याच आवाजाचा हट्ट धरला. त्याने हसण्यावारी नेलं, तिने नकार दिला. कंपनीवाले चिडले. तेवढ्यात गाण्यांची हवाही बदलली. तिच्या नव्या रेकॉर्डना कुणी विचारेना. मग कितीतरी वर्षं जत्रांमध्ये, दुकानांच्या उद्घाटनांत, गळक्या तंबूंत ती तेच सायकलचं गाणं म्हणत राहिली. आपलं चुकलं का, असं तिने एकदा युगेतला विचारलं. युगेत म्हणाली, ते मला सांगता येणार नाही, पण सोमवार चुकवू नकोस.

ओदिल पस्तिशीची झाली तेव्हा आनिक बर्तेल नावाच्या एका नव्या दिग्दर्शिकेने तिला बोलावलं. बंद पडणाऱ्या गिरणीची गोष्ट होती, भूमिका मुकादमाच्या बायकोची, छोटीशी. बोलायचं होतं रुबेसारखंच. ओदिलला वाटलं, हे तर आपल्या हातचंच. पण कॅमेरा सुरू झाला आणि तिच्या तोंडून घासूनपुसून लख्ख केलेली भाषा येऊ लागली. जुने हेल आणायला गेली की ते नकला केल्यासारखे वाटत. आनिकने पुन्हा पुन्हा थांबवलं आणि शेवटी जेवणाची सुट्टी दिली.

गर्दीच्या दृश्यासाठी रुबेतल्या खऱ्या गिरणीकामगार बाया आणल्या होत्या. ओदिल तळलेल्या बटाट्यांचा पुडा घेऊन त्यांच्या बाकावर जाऊन बसली. त्यातली एक दांडगी बाई तिला न्याहाळत म्हणाली, "काय गं सायकलवाले, पॅरिसच्या पान्यानं जीब धुतलीस व्हय?"

"माजी जीब मी कशानं बी धुईन," ओदिल फाडकन म्हणाली, "तू आधी तुजं त्वांड पूस, सॉस लागलाय."

बाया खो खो हसल्या. आपल्या तोंडून काय आलं ते ओदिलच्या ध्यानात आलं आणि तीही हसायला लागली. पुडा तसाच टाकून ती आनिककडे गेली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊया.

सिनेमा फार चालला नाही, पण ज्यांनी पाहायला हवा होता त्यांनी पाहिला. त्यानंतर ओदिलला कामं येत राहिली: परिचारिका, खानावळवाली, कुणाची तरी आई. पोस्टरवर तिचं नाव बारीक अक्षरात असायचं, पण ते असायचं. युगेत सिनेमा पाहून आली तेव्हा छान झालंय म्हणाली नाही. खुर्चीत बसून बूट काढले, पाय चोळले आणि पुढचं काम काय म्हणून विचारलं.

"न्यायाधीशबाई आहे," ओदिल म्हणाली आणि संहितेतला पहिला संवाद म्हणून दाखवला.

"न्यायाधीश इतक्या घाईत बोलत नाहीत," युगेत म्हणाली. "पुन्हा म्हण."