रिकाम्या चार फरश्या

आमचं घर म्हणजे चोवीस फरश्यांची एक सरळ रांग आहे आणि त्यातल्या आठ फरश्या माझ्या सासूबाईंच्या आहेत. त्या जाड नाहीत, उलट अंगावर नुसती हाडं उरलीत. त्यांच्यात आठ फरश्यांचं साठलंय, इतकंच. मी चार फरश्यांची. माझी मुलगी जुई सहा वर्षांची आहे, ती एका फरशीची.

फरश्या शून्यापासून मोजतात आणि ज्याने त्याने आपापल्या पाढ्यातच बसायचं, हा वसाहतीचा नियम आहे. आठांच्या माणसाला आठावर, सोळावर बसता येतं. शून्य सगळ्यांनाच चालतं. पण आठांचं माणूस चुकून नवव्या फरशीवर टेकलं, तर हाक मारल्यावर घराला ते दोन हेलपाट्यांत आणावं लागतं आणि दुसरा अर्धा येईपर्यंत पहिला गार पडलेला असतो. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, एकदा तसं झालं होतं. कमरेखालचा भाग आला तेव्हा त्यांचा चहा संपला होता. तेव्हापासून आम्ही नियम पाळतो.

मला या नियमाचं कधी नवल वाटलं नाही. मी दूध डेअरीच्या वजनकाट्यांत चालणारे प्रोग्राम लिहिते आणि तिथेही हेच आहे. चार बाइटांचा आकडा चाराच्या पाढ्यात, आठांचा आठाच्या, मध्ये उरेल ती जागा रिकामी सोडायची. काट्याची मेमरी चिमूटभर असते, त्यामुळे माझी निम्मी नोकरी बाइट वाचवण्यात गेली. श्रीरंग, माझा नवरा, यावरून मला शेटाणी म्हणायचा.

शून्यावर जुई. आठ ते पंधरा आई. सोळा ते एकोणीस मी. माझ्या पुढच्या चार फरश्या नुसत्या भरतीच्या, पुढचं बिऱ्हाडही आठाच्या पाढ्यात सुरू व्हावं म्हणून. आणि चार ते सात या फरश्यांवर श्रीरंग होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या जागी आईंना सरकता आलं नाही, कारण आठाच्या अलीकडे त्यांना फक्त शून्य चालतं आणि शून्यावर जुई आहे. जागा तशीच राहिली.

रिकाम्या जागेत आधीचं जे असतं, ते कोणी पुसेपर्यंत राहतं. आमच्याकडे कोणी पुसलं नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी मी घरी येऊन सोळाव्या फरशीवर बसले की चौथ्या ते सातव्या फरशीवर श्रीरंग पायावर पाय टाकून बसलेला असतो. आईंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत तो विचारतो, "काय शेटाणी, आज किती वाचवले?"

मी खरा आकडा सांगते. "बारा."

"मग त्याची भेळ आण," तो म्हणतो आणि हसतो.

मी "शून्य" म्हटलं तरी भेळच आणायला सांगतो. कधी मला रागही येतो. पण तो रोज हसतो आणि मी रोज त्या हसण्यासाठी बस पकडून धावत घरी येते, हेही खरं आहे.

जुईला त्या फरश्यांवर पाय ठेवू देत नाही. मागच्या वर्षी ती बूट घालायला पाचव्या फरशीवर बसली होती. दोनच मिनिटं. श्रीरंगला शीळ घालायची सवय होती, ती नेमकी पाचव्या फरशीवर होती. आता तो ओठांचा चंबू करतो आणि त्यातून जुईच्या शाळेतल्या प्रार्थनेची अर्धी ओळ बाहेर पडते. त्या दिवशी मी पोरीला मारलं. नंतर तिला मांडीवर घेऊन रडलेही, पण शीळ परत आली नाही.

मागच्या शनिवारी सकाळी वसाहतीचे मोजणीदार भोईटे टेप घेऊन आले.

"वैनी, तुमचं घर चोवीस भरतंय," ते म्हणाले. "आता परत्येकाला सोळाच. रांगेत अजून बिऱ्हाडं बसवायची हाईत."

"माणसं तीन आहेत," मी म्हटलं. "एक, आठ आणि चार. तेरा होतात."

"म्हनूनच की. तेराला चोवीस कशाला लागत्यात? मोठं आधी, बारकं मागनं. शून्यापासनं आजीबाई, आठापासनं तुमी, बारावर पोरगी. तीन फरश्या भरतीच्या. झाले सोळा. तुमाला म्या सांगावं का हे?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात नव्या येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवते, मोठं आधी, लहान नंतर, जागा वाचते. मी मनातल्या मनात मांडून पाहिलं. भरतीच्या फरश्या तीन उरत होत्या. श्रीरंग चारांचा होता.

"आणि या रिकाम्या फरश्यांवर जे आहे ते?" मी विचारलं.

"त्ये कुनाच्या नावावर हाय?"

"कोणाच्याच नाही."

"मग न्यायचं कसं? आमी नावानं उचलतो. जुई म्हटलं की जुई उचलायची, नव्या जागी ठेवायची. रिकाम्याला हात कुठं घालायचा, सांगा बघू."

"मग नाव लावते त्याचं."

भोईट्यांनी वही उघडली. ते भले गृहस्थ आहेत, श्रीरंगबरोबर गणपतीत ढोल वाजवायचे. "लावा की. चार फरश्या मंजूर करतो," ते म्हणाले. "शून्यापासनं आजीबाई, आठावर तुमी, बारावर हा, शेवटी पोरगी. सतरा होत्यात, म्हंजे परत चोवीस, ते वर बोलून बघतो मी. पर नाव लावलेली जागा आमी धुऊन देतो वैनी. कोरी. आधीचं काय बी ऱ्हात न्हाई."

"न धुता नाही मिळणार?"

"नावाची जागा घाण कशी द्यायची?"

आई इतका वेळ वाती वळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला हितनं उठवू नका. मी हितं हाय म्हनून तो तिथं हाय."

भोईट्यांनी टेप गुंडाळली, उद्या दुपारपर्यंत सांगा म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. आई आठावरच राहणार असतील, तर घर पंधराव्या फरशीला संपतं. सोळा भरतात. म्हणजे मला सोळावरून उठून आईंच्या अलीकडे यायला हवं. अलीकडे चारांच्या माणसाला चाराच्या पाढ्यातलं एकच ठिकाण मोकळं होतं, चार ते सात. मला श्रीरंगवर बसावं लागणार होतं. चारांवर चार, त्याचं नखही उरलं नसतं.

पण मी दोन फरश्यांची झाले असते, तर दोनाच्या पाढ्यात बसले असते. दोन आणि तीन या फरश्या मोकळ्या होत्या. शून्यावर जुई, दोनावर मी, मग तो, मग आई. मी तीनदा मोजलं. सोळा भरत होते.

"काय शेटाणी, आज किती वाचवले?" श्रीरंगने विचारलं.

"सांगते उद्या," मी म्हटलं.

"मग त्याची भेळ आण."

रविवारी भोईटे फॉर्म घेऊन आले. "चाराचे दोन करायचे म्हंजे वरचे दोन कापावे लागत्यात," त्यांनी समजावलं. "मोठमोठं असतं ते वरच्यात. खालचं बारीकसारीक ऱ्हातंय."

"दुखतं का?"

"तुमी एवढे आकडे कापता. त्यांना दुखतं का?"

"मी कधी विचारलं नाही."

मी सही केली. दुखलं नाही. वरच्या दोन फरश्या माझ्यातून निघाल्या आणि भोईट्यांनी त्या घडी करून काखेत धरल्या. कणकेत मीठ किती घालायचं ते मला आठवतं. आईंच्या गोळ्यांच्या वेळा आठवतात, जुईच्या बुटाचं माप आठवतं. माझं लग्न कुठल्या गावी झालं ते आठवत नाही. माहेरी किती जण आहेत तेही नाही. दोन फरश्यांत मावतात तेवढेच आकडे उरलेत, मोजता मोजता पासष्ट हजारांच्या पुढे गेलं की मी परत शून्यावर येते, पण घरात इतकं मोजायचं काही नसतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. "एवढीशी झालीस गं," त्या म्हणाल्या.

मी जुईला शून्यावर नीट सरळ बसवलं आणि तिच्या पलीकडे एक फरशी सोडून दुसऱ्या फरशीवर बसले. भोईट्यांनी टेप लावली. सोळा. तो जागेवर होता, चार ते सात, सबंध. तीन वर्षांत मी त्याच्या इतक्या जवळ बसले नव्हते. आमच्यामध्ये नेहमी आई असायच्या. आता हात लांब केला असता तर त्याच्या शर्टाची शिवण लागली असती. मी हात लांब केला नाही. मला तो पुसायचा नव्हता.

त्याची माझ्याकडे पाठ होती. मानेवरचे केस वाढले होते. हे मला सोळाव्या फरशीवरून कधी दिसलं नव्हतं आणि मला फार बरं वाटलं.

चारच्या सुमाराला पुढचं बिऱ्हाड आलं. ते आता आमच्या सोळावर सुरू होणार होतं. घाटगे नावाच्या बाई आहेत, एकट्या, शाळेत शिवण शिकवतात. हसऱ्या वाटल्या. त्या चारांच्या आहेत. त्यांनी सोळा ते एकोणीस पुसून घेतलं, सतरंजी अंथरली आणि भांड्यांचं खोकं सोडायला बसल्या.

संध्याकाळ झाली. श्रीरंगने पायावर पाय टाकला. "काय शेटाणी, आज किती वाचवले?"

"आठ," मी म्हटलं.

चोवीसातून सोळा गेले, आठ. इतके मी एका दिवसात कधीच वाचवले नव्हते. तो मागे वळला नाही. आईंच्या डोक्यावरून तो सोळाव्या फरशीकडे बघत राहिला.

"आठ, श्रीरंग. आठ."

घाटगे बाईंनी खोक्यातून मान वर काढली. इकडेतिकडे पाहिलं. आपल्यालाच विचारलंय, अशी त्यांची खात्री झाली.

"कशाचं वाचवतंय दादा," त्या म्हणाल्या. "दोन कपबश्या फुटल्या वाटेत."

"मग त्याची भेळ आण," तो म्हणाला आणि हसला.

घाटगे बाईही हसल्या. हात पदराला पुसून त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवत त्यांनी विचारलं, "तिखट चालतं ना?"